बारा व्होल्ट

सलमाबादच्या भंगारात गुलरेज खान
बँकांची जुनी यंत्रं वजनावर विकतो.
त्यातून निवडला एक सर्व्हरचा सप्लाय.
विटेएवढा, विटेहून जड,
बाराशे वॅट, किंमत दीड दिनार.
"चलेगा?" विचारलं तर म्हणाला,
"बंद केला तेव्हा चालत होता."

टेकबहादूरचा डेस्कटॉप बुधवारी गेला.
खोलीतला एसी दणकून सुरू झाला
आणि डब्याच्या आतून
करपलेल्या शेंगदाण्यांचा वास.
नवा सप्लाय अठरा दिनार.
नकाशांची परीक्षा रविवारी.
रात्रभर तो एक रिकामा मॉल राखतो,
दिवसा, गुदैबियातली ही खोली
आमच्यावाचून ओस असताना,
पडद्यावर जिने काढतो.

सर्व्हरचा सप्लाय एकच गोष्ट जाणतो: बारा.
पाच नाही, तीन पॉइंट तीन नाही.
त्याला सवय मोठ्या घरची,
रॅकमध्ये सरकवलं, सोनेरी पट्ट्या जुळल्या
की समजायचं, आलो आपल्या जागी.
आमच्या टेबलावर, कांद्याच्या टोपलीशेजारी
तो नुसता पडून. दिवा मिचकावतो,
जागा आहे, पण उठत नाही.

त्याला फसवावं लागतं.
काठावरच्या दोन बारीक पट्ट्यांमध्ये
तांदळाएवढा रेझिस्टर डकवला,
रॅकमध्येच आहेस बाबा तू.
त्याला पटलं.

आणि तो किंचाळला.
काडेपेटीएवढे दोन पंखे,
पण आवाज असा की ओनियेकानं
उशीखालून डोकं काढून विचारलं, "विमान?"
तो सिमेंटचा ट्रक चालवतो,
पहाटे तीनला उठतो.

मी इचलकरंजीचा. अठ्ठेचाळीस मागांच्या
खडखडाटात मला झोप लागायची,
वीज गेली की जाग यायची.
मला चाललं असतं.

पंखे थांबवता येत नाहीत.
आत कुणीतरी फेरे मोजत असतं,
शून्य दिसलं की सगळंच विझतं.
कमी करता येतात, तेवढे केले.
त्यासाठी प्लग काढायचा, आणि लगेच
हात घालायचा नाही. जेवून घ्यायचं.
कपॅसिटरना विसर पडायला वेळ लागतो.

तरी आवाज होताच.
मग त्याची रवानगी स्वयंपाकघरात,
वायरी एसीच्या पाइपाच्या भोकातून.
शाजी म्हणाला, माझ्या मोहरीपासून लांब ठेव,
तडतडली की मी जबाबदार नाही.
इकडून बारा निघाले,
तिकडे मीटरवर अकरा पॉइंट दोन.
एवढ्याशा वाटेत एवढं कोण खातं?
वायर दुप्पट जाड केली.
अकरा पॉइंट आठ. हे चालेल.
हाताच्या बोटाएवढ्या एका बोर्डानं
त्यातूनच पाच काढले, तीन पॉइंट तीन काढले,
आणि टेकचा पडदा उजळला.

शुक्रवारी आप्पांचा फोन आला.
आप्पा जॉबर होते. कारखान्याच्या दारात
चप्पल काढता काढता सांगायचे,
सत्तावीस नंबरचा धोटा अडखळतोय.
आता माग भंगारात गेलेत, आप्पा ओट्यावर.
"तुझ्या मागे आवाज कसला?"
मी फोन पंख्यांजवळ नेला.
बराच वेळ काही नाही.
वाटलं, रेंज गेली.

"दोन आहेत," ते म्हणाले.
"त्यातला एक कोरडा आहे.
थेंबभर तेल सोड. दोन थेंब नको."

मी काही बोललो नाही.
खालच्या बंगाली शिंप्याकडून
मशीनचं तेल आणलं,
अगरबत्तीच्या काडीच्या टोकावर.

ओनियेका घोरतोय.
टेक सुट्टीवर, पडद्यासमोर मांडी घालून.
त्याचा जिना पुरा झाला,
पण एक पायरी जास्त भरली.
पुसतोय.