रकाना क्रमांक सात

मंत्रालयाचा तक्ता घेऊन मी चिलोए बेटावर पोचलो
तेव्हा विद्यापीठ जागेवर नव्हतं.
होते खांबांचे खड्डे,
एक चूल, अजून ऊन,
आणि कड्याची माती, ढेकूळ ढेकूळ समुद्रात जाणारी.

"खाली या," एक बाई ओरडली, "भरती पाचला आहे.
तोवर ते पाण्याला लागलं पाहिजे."

ते म्हणजे दोन मजली लाकडी घर,
अंगभर आलेर्सेच्या फळ्यांचे खवले, माशासारखे,
ओंडक्यांवरून कुरकुरत निघालेलं,
पुढे बैलांच्या अकरा जोड्या
आणि दोरांना लगडलेलं अख्खं गाव.
खिडकीत पडदा तसाच. आत कुणीतरी
पुस्तकांचं कपाट पाठीने रेटून उभं.

कुलगुरू कोण, मी विचारलं.
जरा हसाहशी झाली, मग मघाच्याच बाईला पुढे ढकललं.
एदेल्मिरा कार्कामो, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी,
विषय बटाटा.
एकशे बारा जाती ती अंधारात सालीवरून ओळखते.
तिने माझा हात हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला
आणि काही न बोलता परत दिला.

रकाना एक, विद्यार्थिसंख्या:
चौतीस. बैल धरले तर छप्पन.

रकाना तीन, परीक्षापद्धती:
रोसामेल नावाच्या मुलाने गेल्या वर्षी शेड बांधली.
ती गळते.
कुठून गळते ते सापडेपर्यंत त्याने तिथेच झोपायचं.
"आणि निकाल?"
"अजून पाऊस आहे ना," रोसामेल म्हणाला.
राजधानीत तीन वर्षं इंजिनिअरिंग, पैकीच्या पैकी मार्क,
आणि छप्पर म्हणजे काय
हे पहिल्यांदा नाकावर थेंब पडला तेव्हा कळलं.

रकाना पाच, पदवी.
इथे मी वाद घातला.
ते म्हणाले, कागदाने जाळं विणता येत नाही,
कागद भिजतो, वगैरे.
मला सुचलं नाही. पण यास्ना नावाची मुलगी
गुडघ्यावरचा चिखल खरवडत गप्प होती.
तिला नर्स व्हायचंय, आणि इस्पितळ कागदच मागतं.
तिचं काय, असं विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही.
एदेल्मिरा म्हणाली,
"त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं."

मग दोर माझ्याही हातात आला.
याला तिथे मिंगा म्हणतात:
बोलावणाऱ्याने जेवू घालायचं, आलेल्याने ओढायचं.
मी आलेला होतो.
बूट रुतले, एक तिथेच राहिला,
तळहाताची साल निघाली,
आणि घर हललं. एक वीत. मग एक हात.
मग पाण्याने ते आमच्याकडून काढून घेतलं.

पिंपांवर तरंगत, दोन लाँचच्या मागे,
विद्यापीठ समोरच्या बेटाकडे निघालं,
जिथली शाळा मुलांअभावी बंद पडली होती.
वरच्या मजल्यावर कुणी दिवा लावला.
खाली पाण्यातही एक लागला.

रकाना सात, कायमचा पत्ता.
हा रिकामा असेल तर अर्ज बाद, असा नियम आहे,
आणि खोटं लिहायची मला सवय नाही.
फोड आलेल्या बोटांत पेन धरून लिहिलं:
समुद्रावर. सायंकाळी पाच पन्नास. भरती पूर्ण.

फाइल तीनदा परत आलीय,
लाल शाईत तेच, "अपूर्ण".
दर वेळी मी एखादा शब्द बदलतो आणि पुन्हा वर पाठवतो.
यास्नाचं पत्र आलं होतं मार्चमध्ये, चारच ओळी,
कागदाबद्दल त्यात काही नाही.

निघताना एदेल्मिराने खिशात एक जांभळा बटाटा कोंबला होता,
नाव सांगितलं, ते मी विसरलो.
तो टेबलाच्या खणात आहे.
काल स्टेपलर शोधताना पाहिलं,
त्याला सहा कोंब फुटलेत, सगळे फटीच्या दिशेने.