बोट

ज्याला बोट धरून बालवाडीत सोडला
त्यो भाचा आता बोटीवर पाव भाजतो, रात्री दोन वाजता.
त्याला घरचं एक मानूस न्यायची सवलत हाय.
आई न्हाई त्याला, म्हनून मी.
मुंबईपास्नं गोव्यापतोर, आनि परत.
"पासपोर्ट लागत न्हाई, मावशे," फोनवर वरडला,
"आपल्याच देशातलं पानी. नुसतं आधार आन.
पर मूळ. झेरॉक्स चालत न्हाई.
आनि तिकिटावर जे नाव, तेच कार्डावर."

नाव.
ट्रंकेतनं सगळे कागुद काढले.
मतदानाच्या कार्डावर मी आकाताई.
रेशनवर अक्कव्वा. कारकून कानडी,
त्याच्या घरात आसंल कुनी अक्कव्वा,
मायेनं लिवलं आसंल, मी काय बोलले न्हाई.
बिडी कामगाराच्या हिरव्या पासावर अक्काबाई शिवराम,
वयाम्होरं 'अंदाजे सतरा'.
आधारावर वर कानडी, खाली इंग्रजी.
माझी चौथी मराठीतली.
शेजारच्या गंगव्वाच्या पोरीनं वाचून दावलं: अक्कातायी.
माझंच नाव
पाव्हण्या पोरीगत उंबऱ्यात उभं ऱ्हायलं,
आत ये म्हनावं का नगं, कळंना.

निपानीत कोर्टाम्होरं नोटरीचं टेबल.
टायपिस्ट म्हनला, सोपं हाय,
'सदर चारी नावं एकाच बाईची' आसं लिवून देतो.
चारशे रुपय. त्यात स्टँप, टायपिंग, शिक्का,
आनि त्याचा चा.
मी इचारलं, कंची बाई खरी त्ये लिवायचं का?
म्हनला, त्याला कॉलम न्हाई.

मग आधार केंद्र.
काचंवर बोट ठेवलं. न्हाई उठलं.
पुसून ठेवा. पदराला पुसलं.
दुसरं ठेवा. धाच्या धा ठेवली.
पोरगा दमला.
"आज्जी, तुमच्या बोटांवर रेघाच न्हाईत."

रेघा व्हय?
त्या इकल्या मी, हजाराच्या दरानं.
पान भिजवा, कापा, तंबाखू भरा, वळा,
नखानं तोंड मोडा, दोरा गुंडाळा,
आनि परत पान.
चाळीस वर्सं.
सोलापुरात, गुलबर्ग्यात, एस्टीच्या मागच्या बाकावर
कुनी कुनी वढून सोडल्या आसतील माझ्या रेघा,
खोकत खोकत.

"मग डोळं दावा. पापनी लववू नका."
येवढा वेळ माझ्या डोळ्यात
आजपतोर कुनी बगितलं न्हवतं.
यंत्र टिक् म्हनलं.
हाय म्हनं मी.

रातच्या एस्टीत मांडीवर पिशवी, पिशवीला गाठ.
कोगनोळीचा नाका आला.
एक राज्य सपलं, दुसरं लागलं,
कुनी काय इचारलं न्हाई,
बाजूच्या बाईची मान माझ्या खांद्यावर पडली इतकंच.
भाच्याला फोन केला:
बोट जितनं निगनार तितंच येनार,
मग येवढं कागुद कशापायी?
त्यो जरा थांबला.
"मोजायला, मावशे. गेली किती, परत आली किती."
त्ये मातर पटलं.
पंचवीसच्या कट्ट्यात एक कमी भरली
तर चेकर आख्खा कट्टा छाटात टाकायचा.

पिशवीत आधार हाय, स्टँप हाय.
हिरवा पासबी घेतलाय, कुनी मागितला नसताना.
सही येत हुती मला,
तरी त्या कारकुनानं अंगठाच धरला, शाईत बुडवला, दाबला.
आजून तसाच हाय.
निळा. रेघन् रेघ.
बोटीवर कुनाला तरी दावनार हाय मी त्यो,
समुद्र बगून झाला की.