पुठ्ठा

वडगावात आमच्या गल्लीत
पहाटेपासून माग ठोकतात.
रात्री पोर कण्हली तर कळतं,
दिवसा हात लावूनच बघावं लागतं.

शांभवी सहा वर्षांची.
दर पाडव्याला मागाच्या खांबावर रेघ मारतो.
वरच्या तीन रेघा
एकमेकींना चिकटून बसल्यात, लग्नातल्या सोयऱ्यांसारख्या.

डॉक्टरीणबाई कन्नड बोलतात.
त्या म्हणतात रक्ता, मी म्हणतो रक्त,
मधे नुसता एक काना.
रिपोर्ट इंग्रजीत.
आजाराला दोन परदेशी माणसांची नावं,
त्यांनी हिला कधी पाहिलं नाही
तरी आडनावासारखी लागली.
पांढऱ्या पेशी कमी. तूप अंगी लागत नाही.
हाडं उशिरा, बोलणं उशिरा.
हेदरबेडरी, म्हणाल्या, घाबरू नका,
आणि मग :
लग्न नात्यातलं?

मामाची मुलगी.
मामानं लग्नात माग दिला, तोच चालवतो अजून.

मग मीच त्यांना सांगितलं,
आपल्याला समजलंय का ते बघायला.
नक्षीचे पुठ्ठे असतात, साखळीत ओवलेले.
एकावर एक भोक चुकलं
की काठावरच्या प्रत्येक मोराचा डोळा फुटतो.
माझ्याकडं जोडी होती, एक फाटका, एक नीट.
सुनंदाकडंही तशीच.
नीटवर आमचं निभावलं.
थोरल्याला नीट लागला.
हिला दोन्हीकडचे फाटके.
बाई थांबल्या. हौद, म्हणाल्या. तसंच.

आईची एक धाकटी बहीण होती.
अडीच वर्षांची गेली, दृष्ट लागून.
ओवाळलेल्या मिरच्या आईला आठवतात,
ठसका आला नाही तेही आठवतं.
उंची कुणी मोजली नव्हती.

आता कपाटाला वही टांगलीय.
शंभराच्या वर गेला की रिक्षा,
सीमेचा बंद असो नाहीतर रात्रीचे दोन.
पोलिसाला पोर दाखवतो,
तो कुठलीच भाषा विचारत नाही.

काल शेजारच्या बसव्वानं कुंदा आणला.
सुनंदानं कॅप्सूल फोडली,
दाणे चमच्यात ओतले, वर चिमूटभर कुंदा.
काय बघूलीस, खा की.
तेवढ्यात वीज गेली,
सगळी गल्ली एकदम गप्प,
आणि शांभवी वाटी पुढं करून म्हणाली,
इन्नू.

अजून, म्हणजे. बसव्वाच्या घरी शिकली असणार.
कुठल्या भाषेत उशीर, ते रिपोर्टात नव्हतं.

दुसरी कॅप्सूल फोडावी लागली.
एकेक एकवीस रुपयांची.