पंधराव्या खेळीपर्यंत

झेझकाझगान, उणे एकतीस.
रोदिओनच्या स्वयंपाकघरात एक संगणक, आम्ही तिघं.
एकाची खेळी चालू असली की बाकीच्या दोघांनी
खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, हा नियम.
खिडकीत बघण्यासारखं काही नाही.
तांब्याच्या भट्टीचं धुराडं,
आणि काचेवर गोठलेला आपलाच श्वास.

तोगझान नवी. दर वेळी दबक्या आवाजात तेच विचारते,
तू दरसाल जिंकतेस कशी गं?

ऐक तर.
आधी कितीतरी खेळ्या आकाशाचं नावसुद्धा काढायचं नाही.
नदीकाठी शाळा बांधायच्या, ग्रंथालयं बांधायची.
शेजाऱ्यांना वाटू दे, ही बापडी पुस्तकात रमली.
सीमेवर मात्र चार म्हातारे भालेदार हवेत,
दुरून चाळीस भासतील असे.
दार सताड उघडं दिसलं
की रोदिओनसारखा सज्जनही आत शिरतो.

(सज्जन खिडकीशी उभा आहे. ऐकून न ऐकल्यासारखं करतो.)

मग ॲल्युमिनियम.
ज्याच्याकडे ते, त्याचं यान.
नकाशावर दिसलं की तिथं शहर वसव,
वाळवंट असो, बर्फ असो, पाणी नसो.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
वडील ट्रक घेऊन स्टेपीवर जायचे,
वरून पडलेले अग्निबाणांचे टप्पे करवतीनं कापून आणायचे.
आमच्या कोंबड्यांचं खुराडं त्याच पत्र्याचं होतं,
दारावर उलटा छापलेला सात.
आई त्यातली अंडी तीनदा धुवायची
आणि तरी आम्हाला द्यायची नाही, विकायची.

कुठं होते मी?
हां. यानाचे भाग एका शहरात घडवू नकोस.
सांगाडा इथं, इंजिन तिथं, टाक्या पार तिसरीकडे.
काम एका खेळीवर आलं की थांबव,
वर धान्याचं कोठार मांडून ठेव.
हेर आला तर त्याला कोठार दिसावं.
आणि मग एका खेळीत सगळी झाकणं काढ.

यान सुटतं. घंटा वाजते.
इथंच माणसं हरतात, तोगझान.
सुटलं म्हणजे पोचलं नव्हे.
पंधरा खेळ्या लागतात,
आणि तेवढ्यात राजधानी पडली
तर यान परतही येत नाही, फुटतही नाही,
यादीतून नाव जातं फक्त.
म्हणून घंटेनंतर वेधशाळा विकायच्या, तटबंदी घ्यायची.
ज्या गावांनी यान घडवलं ती एकेक करून जाऊ द्यायची.
मला हे जमतं. झांदोसला जमायचं नाही.
माझा भाऊ. तू बसतेस ती खुर्ची त्याची.
एखादं इंजिन-गाव पडलं की तो उठून
बाल्कनीत जायचा, कोट न घालता.
आता तोम्स्कला असतो. फोनवर विचारतो,
कोण जिंकलं, आणि उत्तराआधी
वडिलांचा खोकला कसा आहे.
खोकला तसाच आहे.

आज माझं यान तेरा खेळ्या चाललंय.
रोदिओनचे रणगाडे राजधानीपासून दोन घरांवर,
मधे एक पूल, आणि पूल तोगझानचा.
तिनं तो अडवून धरला तर मी पोचते.
तिनं वाट दिली तर रोदिओन आत येतो.

तिसरी वाट मी तिला आत्ताच, या तोंडानं सांगितली.

ती खुर्चीत बसलीय. आम्ही दोघं खिडकीशी.
रोदिओन बाहीनं काच पुसतो, पुन्हा गोठते.
मागून माऊसचे आवाज येताहेत,
एक, दोन, थांबून पाच, थांबून आणखी नऊ.

रोदिओन माझ्याकडे बघतो.
कोठार बांधायला एवढे क्लिक लागत नाहीत.