पाण्याखालचा बांध

पंचायतीच्या कपाटात चोडणचा नकाशा होता,
वाळवीने कडा खाल्लेला. त्यात सर्वे नंबर, क्षेत्रफळं,
खातेदारांची नावं, अर्धे मेलेले, अर्धे लिस्बनला.
मी तिथला सचिव. बदलीचे अर्ज करून दमलेला.

पिएदादने नकाशा कधी मागितला नाही.
ती मला खिडकीशी न्यायची, आणि बोट करायची
त्या खाऱ्या, सपाट, बगळ्यांनी भरलेल्या पाण्याकडे.
"पळे. ते आमचं. त्याला लागून शाबी नाईकाचं.
तीन माडांपाशी मळणीची जागा.
भात आता पोटरीला आलंय."

बांध फुटून चौदा वर्षं झाली होती.
माडही दोनच उरले होते.
मी हो म्हणायचो.
एवढ्या वयाच्या बाईला कोण नाही म्हणणार?

घरामागे फुटक्या हंड्यात
ती दरसाल मूठभर कोरगुट पेरायची,
वर चिमूट चिमूट मीठ टाकायची.
भाताने खाऱ्याची चव विसरू नये, म्हणे.

मग एका अष्टमीला, भांगाच्या उथळ पाण्यात,
ती मला घेऊन निघाली.
साडीचा काचा, हातात बंद छत्री.
पाणी गुडघाभर, गढूळ, खाली काही दिसेना.
आणि ती चालली होती
रविवारी मिसाला जावं तशी,
एकदाही न चाचपडता.
फुटलेला बांध तिच्या पायांखाली अजून सलग होता.

मी चपला हातात घेऊन मागे.
डावा पाय वीतभर बाहेर पडला
आणि छातीपर्यंत चिखलात गेलो.
तिने छत्रीची मूठ पुढे केली.
मी वर आलो तेव्हा हसलीसुद्धा नाही.
"पायांकडे कित्याक पळयता? मानशीकडे पळे."

आमच्याकडे खाडीच्या दाराला मानस म्हणतात.
भरतीला आपसूक मिटतं ते, ओहोटीला उघडतं.
त्याचे दोन जांभ्याचे खांब तेवढे उभे होते,
कालवांनी मढलेले, मधे दार नाही.
मी त्या दोन खांबांमधल्या रिकाम्या जागेवर
नजर ठेवली, आणि चालत राहिलो.
पुन्हा पडलो नाही.

त्या रात्री अंगाचा चिखल धुण्याआधी
मी पंचांग उघडलं. पुढच्या सगळ्या अष्टम्या
लाल पेनाने गोल केल्या.
फायलीवर सात वर्षं 'विचाराधीन' लिहिलेलं होतं,
माझ्याच अक्षरात.
दुसऱ्या दिवशी बांबूचा भाव विचारायला
फेरीने पलीकडे गेलो.

सगळं सरळ झालं असं नाही.
फुटीच्या तोंडाशी जाळं लावणारा बुस्त्यांव,
त्याचं घर सुंगटांवर चालायचं,
एका रात्री त्याने नवा बांध कापला.
आम्ही भरला. त्याने परत कापला.
पिएदाद त्याच्या दारात जाऊन बसली, भांडली नाही.
त्याच्या बापाचा तुकडा कुठून कुठवर
तेवढं जमिनीवर काठीने काढून दाखवलं.
तो आला नाही. पण कापणं थांबलं.

मानशीचं दार गेल्या महिन्यात बसलं.
भात यंदा नाही. मीठ उतरायला
दोन पावसाळे लागतील, तीनही.
ती हंडा ढवळते, आणि मोजते.

काल जलसंपदाचा नवा इंजिनियर आला,
इस्त्रीचा शर्ट, कोरे बूट.
खिडकीशी उभा राहून म्हणाला,
"इथे नेमकं आहे काय?"

माझं बोट आपोआप वर गेलं.
"ते पिएदादचं. त्याला लागून शाबी नाईकाचं.
तीन माडांपाशी मळणीची जागा.
भात पोटरीला आलंय."

तो समजूतदारपणे हो म्हणाला.

मी त्याच्या बुटांकडे पाहिलं.
अष्टमीला अजून चार दिवस होते.