पाठांतर

तुम्ही माणसं चेहऱ्यावरून ओळखता.
मी पाठीवरून.
तिबिलिसीच्या जुन्या भागात, विटांच्या घुमटाखाली,
गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामखान्यात
सव्वीस वर्षं बायकांना घासतेय.
पाठी मला पाठ आहेत.

वासाचं आधीच सांगते, म्हणजे नाक मुरडून होईल:
कुणीतरी उकडलेलं अंडं दप्तरात विसरलंय, तसा.
दहाव्या श्वासाला जातो.
नवऱ्याच्या घोरण्याची सवय व्हायला याहून वेळ लागतो,
असं झुझुना म्हणते,
आणि झुझुनाला तीन नवऱ्यांचा अनुभव आहे.

आडवी हो, म्हणते मी.
होतात आडव्या. मान मात्र ताठ.
अगं, डोकं टेकव. दगड आहे तो,
तुझ्या डोक्यानं त्याला काही होत नाही.
तरी पाच मिनिटं जातात.
गॅस, पोराचा स्वेटर, सासूच्या गोळ्या,
सगळं वाफेबरोबर वर जाताना दिसतं मला,
घुमटाला चिकटतं,
आणि थेंब होऊन माझ्याच मानेवर पडतं.

मग खरखरीत हातमोजा.
मळाच्या शेवया निघतात.
"एवढं सगळं माझं?"
मुख्याध्यापिका नाझिब्रोलाबाईंनीही हेच विचारलं.
हो बाई, तुमचंच.
शिक्षण खात्याचं नाही.

त्सियाला हिशेबनीस. गुरुवार, दुपारी चार.
तीन वर्षांपूर्वी तिच्या काखेखाली
माझा हात अडखळला.
वाटाण्याएवढं काहीतरी.
डॉक्टरला दाखव, म्हटलं.
"खाचापुरी आहे ती," ती म्हणाली,
"रविवारची. खाली उतरायची राहिलीय."
(चीज भरलेली रोटी असते आमच्याकडे.
अंगावर काहीही आलं की तिच्या नावावर खपवतो.)
मी हसले नाही.
मी कशालाही हसते, हे तिला माहीत होतं,
म्हणूनच घाबरली.

आठ महिने आली नाही.
गुरुवारी चारला तिच्या दगडावर
मी बादली पालथी घालून ठेवायचे.
मालक विचारायचा, हे काय?
वरून गळतंय, म्हणायचे मी.
इथे वरून कायमच गळतं.

आणि एका गुरुवारी दारात उभी.
केस शाळकरी पोरासारखे, टॉवेल गळ्यापर्यंत आवळलेला.
सगळ्याजणी एकदम
आपापल्या पायांची बोटं तपासायला लागल्या.
तिनं टॉवेल सोडला.
गल्ल्याकडे तोंड करून ओरडली,
"इंगा, दर कमी कर!
घासायला जागा कमी झालीय!"

क्षणभर नुसतं पाणी.
मग झुझुना फुटली. तिच्यामागे दुसरी, तिसरी,
नाझिब्रोलाबाई तर भिंत धरून खालीच बसल्या.
एकीला, जाऊ दे, नाव नाही सांगत,
वाहतं पाणी होतं म्हणून खपून गेलं.
तिघींची आई आहे ती. होतं असं.

मी तिला घासलं. व्रणापाशी आल्यावर
मोजा काढला,
साबणाचा नुसता हात ठेवला.
"गुदगुल्या होतात," ती म्हणाली.
होत नव्हत्या.
तिथं काहीच जाणवत नाही,
हे तिनंच नंतर सांगितलं, चहा पिताना,
कपात मुरंबा ढवळत.

माझी पाठ?
ती मला कुठली पाठ असायला.
परवा बंद करायच्या वेळी
त्सियालानं माझ्या हातातला मोजा ओढून घेतला.
जन्मभर आकडे लिहिलेला हात तो,
मांजर बशी चाटतं तसा फिरत होता.
जोरात, म्हटलं मी.
"तू आधी डोकं टेकव," ती म्हणाली.

टेकवलंय की, म्हटलं.
गल्ल्याची किल्ली कुठं ठेवली
ते आठवत होते मी.