परत_शेवटचं_नवीन

लतीफ मुकादम आधी वायर काढतो,
भिंतीतली, इंटरनेटची.
"पयली बाहेरची वाट बंद, वहिनी.
मग घरात कोन शिरलाय ते बघू."

खेडचा आहे. रुवीत होंडा रोडच्या मागे दुकान,
म्हणजे जिन्याखालची जागा,
सतरा उघडे कॉम्प्युटर आणि एक स्टूल.
शुक्रवारचा, नमाज आटपून आला,
टोपी डोक्यावर तशीच.

पासपोर्टचे फोटो काढले त्या स्टुडिओतून
पेनड्राइव्हवर बसून आलं होतं ते.
आधी फोल्डरांवर वाकडे बाण उगवले,
मग फोल्डर उघडेनात,
मग मध्यरात्री स्क्रीन आपोआप लागायचा
आणि हॉलची भिंत निळी व्हायची.
फॉरमॅट मारा ना, मृण्मयी म्हणाली, विषय संपला.
तिला काय. तेरा वर्षांची पोर,
तिचं अजून काहीच जुनं झालेलं नाही.

"काय काय हवाय ता सांगा."
मी बोटांवर मोजू लागले:
व्हिसाचे कागद, लसींचे दाखले,
अण्णांचा आवाज, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचा,
एक मिनिट बारा सेकंद.
त्यातली चाळीस सेकंदं ते नुसतं विचारतात,
चालू झालं का? चालू झालं का हे?

काळ्या पडद्यावर त्याने एकच ओळ टाइप केली
आणि सगळं परत आलं, फिकट, मग ठळक.
"पुसलेला नव्हता काय पन. नुसता लपवलेला."
मग दुसऱ्या डिस्कवर फक्त कागद, फोटो, आवाज;
प्रोग्रॅम एकही नाही.
"सामान न्यायचा, उंदीर नाय."

तपासणी चार तास चालली.
मी काळा चहा दिला, दोनदा.
खिडकीत ते डोंगर, गवताचं पातं नसलेले,
एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली.
त्याने घरचं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

साडेपाचला एक लाल ओळ आली.
परत_शेवटचं_नवीन.
"ही तुमची?"
माझी नव्हती.
"ही व्हायरसनं नाय लपवलेली, वहिनी. हिची तारीख जुनी हाय."
मग म्हणाला, "महत्त्वाची असंल तर बघून घ्या,"
आणि बादली ओतायला उठून गेला,
अर्धी सुद्धा भरली नव्हती ती.

रियाल, भाव, रुपये. विद्याधरचे नीटनेटके रकाने.
२००३: दोन वर्षं. कर्ज फिटलं की.
२००५: अजून दोन. फ्लॅटचा हप्ता.
२००८: अण्णांचं बघू, मग.
२०१०: मृ.ची दहावी झाली की.
प्रत्येक ओळीच्या शेवटी निघायची तारीख,
प्रत्येक तारखेवर रेघ.
शेवटच्या चौकोनात फक्त बरोबरचं चिन्ह,
पुढे काही नाही.
कोपऱ्यात एक बटण, त्याने स्वतः बनवलेलं.
त्यावर लिहिलेलं: पुढे ढकला.

नऊ वर्षं मी समजत होते
की मोजणारी मी एकटीच आहे.

लतीफ परत आला. पुसू, कोंडून ठेवू, की साफ करू?
"साफ कर. आकडे राहतील ना?"
"आकडं राहतील. ता बटन काय आता चालनार नाय,
आतमदी त्यातच बसलेला हाय."

पैसे घेतले त्याने, पाच रियाल, मोजून.
बांगड्याचं कालवण मात्र डब्यात दिलं ते नाही म्हणाला नाही.

रात्री विद्याधर सोहारच्या साइटवरून आला,
बुटांतून वाळू झटकत दारातच म्हणाला,
सगळं राहिलं ना?
राहिलं, मी म्हणाले. हात धू.

तो आंघोळीला गेला तेव्हा
मी फाइल उघडली, बटण दाबलं.
दोनदा.
मग ती होती तशी पुन्हा लपवून ठेवली,
आणि अण्णांचा आवाज लावला, चालतोय का बघायला.